‘पेनड्राइव्ह दिसत नाही’ ही तक्रार अर्धवट आहे

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबवला. ज्यांच्या संगणकावर विंडोज ११ चढत नाही अशा अनेकांनी त्यानंतर आपले यंत्र भंगारात देण्याऐवजी त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, घातले, आणि आमच्या गावच्या वाचनालयानेही तेच केले. मी या वाचनालयाचा निवृत्त ग्रंथपाल आहे. संगणकशास्त्राचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. तरी येथील पाच जुन्या संगणकांची देखभाल सध्या माझ्याकडे आहे, कारण ती घ्यायला दुसरे कोणी तयार नाही. तेव्हापासून जे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकले ते म्हणजे ‘लिनक्सवर पेनड्राइव्ह दिसत नाही’. त्यावर चारचौघांकडून मिळणारे सल्लेही ठरलेले आहेत : ‘फॉरमॅट मारा’ किंवा ‘परत विंडोज टाका’. यातला दुसरा सल्ला बहुतेक वेळा निष्कारण असतो आणि पहिला तर सरळ घातक असतो. त्याचे नुकसान आमच्या एका वाचक विद्यार्थिनीने सोसले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

पेनड्राइव्ह पोर्टात खोचल्यापासून त्यातील फाइल पडद्यावर उघडेपर्यंत मध्ये बऱ्याच गोष्टी घडतात. पोर्टाकडून त्याला पाच व्होल्टची वीज मिळते. मग संगणक त्याला ‘तू कोण?’ असे विचारतो आणि उपकरण आपल्या उत्पादकाचा क्रमांक, स्वतःचा क्रमांक आणि आपला वर्ग सांगते. तो वर्ग साठवणुकीचा असेल (यूएसबीच्या नियमावलीत त्याचा क्रमांक आठ आहे), तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या वर्गासाठी नेमलेला ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाशी बोलणारा छोटा प्रोग्राम, त्याच्याशी जोडतो. ड्रायव्हर त्याची धारणक्षमता वाचतो आणि त्याला एसडीए, एसडीबी असे एखादे नाव मिळते; त्यावरची पार्टिशने (कप्पे) आणि फाइल प्रणाली (फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) ओळखली जाते; आणि सर्वांत शेवटी ती माउंट होऊन, म्हणजे वापरासाठी जोडली जाऊन, फाइल व्यवस्थापकाच्या डाव्या पट्टीत तिचे चिन्ह उमटते. यातला कोणताही टप्पा अडला तरी वापरणाऱ्याला कळते ते एवढेच की काही दिसत नाही. आमच्या कोकणात पाहुणा ‘पोचला नाही’ असे म्हटले, तर तो एसटीतूनच उतरला नाही, की बेड्यापाशी, म्हणजे आवाराच्या फाटकापाशी, कुत्र्याला भिऊन उभा आहे, की ओटीवर बसला आहे आणि घरात कोणाला पत्ताच नाही, हे आधी बघतात आणि मग पुढची धावाधाव करतात. पेनड्राइव्हच्या बाबतीत मात्र कोणी बेड्यापर्यंत जाऊन बघत नाही.

पुढे काही आज्ञांची नावे येतील. मराठी मजकुरात रोमन अक्षरे मध्येच आली की वाचण्याची लय तुटते, म्हणून मी ती देवनागरीत लिहितो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, टंकताना त्यांची रोमन अक्षरे, सगळी लहान लिपीतली, वापरावीत. सर्वांत कामाची आज्ञा ‘डीमेसेज’, म्हणजे डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरे. कर्नल आपली रोजनिशी सतत लिहीत असतो आणि ही आज्ञा ती रोजनिशी दाखवते. अलीकडच्या बऱ्याच वितरणांत (लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार संचांत) ती सामान्य वापरकर्त्याला उघडता येत नाही, म्हणून तिच्या आधी ‘सुडो’ लिहून पासवर्ड द्यावा लागतो. तिच्यापुढे एक जागा सोडून उणे चिन्ह आणि डब्ल्यू लिहिले, तर रोजनिशीची पाने जशी लिहिली जातील तशी पडद्यावर सरकत राहतात. माझी पद्धत अशी की ही आज्ञा आधी चालू करायची, नंतर पेनड्राइव्ह खोचायचा, आणि हात मांडीवर ठेवून दहा सेकंद नुसते वाचायचे.

एकही नवी ओळ आली नाही, तर उपकरणाची आणि संगणकाची गाठच पडलेली नाही. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये काही शोधण्यात अर्थ नसतो. दुसरे पोर्ट, दुसरी केबल आणि दुसरा संगणक या तिन्ही गोष्टी करून बघाव्यात. केबलबद्दल एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. काही स्वस्त केबली फक्त चार्जिंगपुरत्या केलेल्या असतात आणि त्यांत विदा (डेटा) वाहून नेणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलने जोडलेल्या डिस्कचा दिवा लागतो, ती गरगरतेही, आणि संगणकाला तिचा सुगावाही लागत नाही. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली असते. कपाटात पडून असलेल्या पेनड्राइव्हचे पत्रे काळवंडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने ते पुसून, पूर्ण वाळू देऊन मी दोन पेनड्राइव्ह चालते केले आहेत. तेवढ्यावर त्यांचा ‘मृत्यू’ टळला.

ओळी आल्या, तर त्या वाचाव्यात. इंग्रजीत असतात, पण वाटतात तितक्या अवघड नसतात. ‘न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस’ असे आले तर उपकरण यूएसबी २.० च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिटच्या मर्यादेत, जोडले गेले. ‘सुपरस्पीड’ हा शब्द असेल तर जोडणी यूएसबी ३ ची, ५ गिगाबिट किंवा त्याहून वेगाची आहे. यूएसबी ३ ची डिस्क त्याच जातीच्या निळ्या पोर्टात लावूनही ‘हाय-स्पीड’ म्हणून उमटत असेल, तर डिस्ककडचा तो रुंद, दोन भागांचा चपटा जोड अर्धवट बसला आहे किंवा केबल खराब आहे, असे खुशाल समजावे. ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड’ असे लिहून पुढे ‘एरर’ आणि उणे ११० हा आकडा आला, तर संगणकाने ‘तू कोण?’ विचारले आणि उपकरणाने ठरलेल्या वेळेत उत्तर दिले नाही. आकडा उणे ७१ असेल, तर उत्तर नियमाला धरून आले नाही, बहुधा वाटेत तारेतच बिघडले. दोनचार प्रयत्नांनंतर कर्नल हात टेकतो आणि ‘अनएबल टु एन्युमरेट’ (ओळख पटवता आली नाही) असे नोंदवून मोकळा होतो. येथपर्यंत फाइल प्रणालीचा विषयसुद्धा निघालेला नसतो. ज्याची ओळखच पटलेली नाही त्याला फॉरमॅट कशाचा मारणार?

वाचनालयाजवळ अडीच इंची एक बाह्य हार्ड डिस्क आहे. तीत जुन्या नोंदवह्यांची स्कॅन केलेली पाने आणि गावातील नमन-खेळ्यांची ध्वनिमुद्रणे आहेत. ज्यांचा आवाज त्यांत आहे त्यांतले काही आता हयात नाहीत. लिनक्स घातल्यानंतर ही डिस्क लावली की चिन्ह उमटे, नाहीसे होई, पुन्हा उमटे, आणि आतून बारीक टिकटिक ऐकू येई. तालुक्याच्या गावातील एका दुरुस्तीवाल्याने डिस्क हातात न घेता, नुसते ऐकूनच, ती गेली असल्याचे आणि विदा परत मिळवण्यासाठी मुंबईस पाठवावी लागेल असे सांगितले. मी घरी येऊन रोजनिशी उघडली. तीत डिस्क जोडली गेल्याची ओळ होती, काही क्षणांत ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ होते, लगेच पुन्हा जोडणी, आणि दर वेळी उपकरणाचा क्रमांक एकाने वाढलेला : पाच, सहा, सात, आठ. असा चढता क्रम दिसला की पहिला संशय विजेवर घ्यावा. यूएसबी २.० चे पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० चे ९०० मिलिअँपिअर वीज देण्यास बांधलेले असते, आणि डिस्कच्या तबकड्या स्थिर अवस्थेतून फिरू लागतात त्या क्षणी त्यांना नेहमीच्या फिरण्यापेक्षा बरीच जास्त वीज लागते. आमची डिस्क लावली जात होती ती संगणकाच्या पुढच्या पोर्टात. ते पोर्ट आतल्या एका लांब बारीक तारेने मदरबोर्डला जोडलेले असते आणि बारा वर्षांच्या यंत्रात त्या तारेचा भरवसा किती धरायचा? डिस्क मागच्या पोर्टात आखूड केबलने लावली आणि टिकटिक थांबली. नंतर स्वतंत्र अडॅप्टर असलेला हब, म्हणजे एका पोर्टाची अनेक पोर्टे करणारे उपकरण, घेतला. डिस्क आजही चालते, आणि तिची दुसरी प्रत मी त्याच आठवड्यात करून घेतली. मात्र पुरेशी वीज देऊनही टिकटिक होत राहिली, तर तो खरोखरच आतला बिघाड असतो. तेव्हा पुन्हापुन्हा लावून बघणे थांबवावे, कारण प्रत्येक प्रयत्न तबकडीवर ओरखडा पाडू शकतो.

ओळख पटली आहे की नाही हे बघण्याची दुसरी आज्ञा ‘एलएसयूएसबी’. ती जोडलेल्या सर्व उपकरणांची यादी देते आणि प्रत्येकाचे चार-चार अंकांचे दोन क्रमांक दाखवते. पहिला क्रमांक उत्पादकाचा, उदाहरणार्थ ०७८१ म्हणजे सॅनडिस्क, आणि दुसरा त्या मालाचा. तिच्यापुढे उणे चिन्ह आणि टी लिहिले की हीच यादी झाडासारखी उलगडते आणि प्रत्येक फांदीपुढे कोणता ड्रायव्हर जोडला आहे ते लिहिलेले असते. पेनड्राइव्ह या यादीत आहे, पण त्याच्यापुढे ड्रायव्हर नाही, असे आढळले तर पाहुणा बेड्यापर्यंत आला आहे आणि कोणीतरी आतून कडी घातली आहे.

ही कडी पुष्कळदा मुद्दाम घातलेली असते. आमचे एक सभासद आपला कार्यालयीन लॅपटॉप घेऊन आले. त्यावरही लिनक्स होते, आणि कोणताही पेनड्राइव्ह लावला तरी काही होत नव्हते. ‘यूएसबी-स्टोरेज’ हा ड्रायव्हर चालूच करू नये, अशी एक ओळ त्यांच्या कार्यालयाने ‘मॉडप्रोब’ या ड्रायव्हर चालू करणाऱ्या साधनाच्या नियमांत लिहून ठेवलेली होती. सर्व्हर आणि कार्यालयीन संगणक सुरक्षित करण्याच्या प्रचलित मार्गदर्शक सूचनांत अशी शिफारस असते, आणि ती अनाठायी नाही. २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट हा विषाणू पेनड्राइव्हवाटेच अशा संगणकांत शिरला होता ज्यांचा इंटरनेटशी संबंधही नव्हता. ती ओळ पुसून देण्याची विनंती त्यांनी मला केली, मी ती मानली नाही. ज्याने कडी घातली त्याच्याकडेच ती उघडण्याची विनंती करावी.

दुसऱ्या प्रकारची कडी चुकून पडते. काही वितरणांत नवा कर्नल बसवला जाताना जुन्याचे ड्रायव्हर डिस्कवरून काढले जातात. संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत चालू असतो तो जुनाच कर्नल, आणि त्याला आपले ड्रायव्हर सापडत नाहीत. अशा वेळी तासभर डोके खाजवण्यापेक्षा एकदा रीस्टार्ट करावे.

तिसरा प्रकार मला स्वतःला सर्वांत जास्त छळून गेला, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली एसएसडी (फिरत्या तबकड्या नसलेली डिस्क) आम्ही बाजारात मिळणाऱ्या एका डबीत बसवून बाह्य डिस्क म्हणून वापरायला घेतली. लहान फाइली व्यवस्थित जात. मोठी फाइल टाकली की अर्ध्यावर सगळे गोठे, अर्ध्या मिनिटाने डिस्क नाहीशी होई आणि पुन्हा प्रकटे. विजेचा संशय हब लावून फेडला, केबल बदलली, तरी तेच. रोजनिशीत मात्र ‘यूएएस’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या, ‘अबॉर्ट’ आणि ‘रीसेट’ असे शब्द असलेल्या ओळींची रांग लागली होती. यूएएस ही साठवणुकीच्या उपकरणांशी बोलण्याची नवी, वेगवान रीत आहे. एका वेळी अनेक मागण्या पाठवून त्यांची उत्तरे सोयीने घेण्याची तिच्यात मुभा असते. जुन्या रीतीत एक मागणी, एक उत्तर, मग पुढची मागणी. काही डब्यांतील चिप ‘मला नवी रीत येते’ असे सांगतात आणि ताण पडला की अडखळतात. कर्नलमध्ये अशा नाठाळ चिपांची एक यादीच आहे, पण बाजारात येणारी प्रत्येक डबी तीत असणे शक्य नाही. उपाय असा की ‘एलएसयूएसबी’ने दाखवलेले तिचे दोन क्रमांक टिपून घ्यायचे आणि बूट होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत ‘यूएसबी-स्टोरेज डॉट क्वर्क्स’ या नावापुढे बरोबरचे चिन्ह, ते दोन क्रमांक आणि शेवटी यू हे अक्षर, प्रत्येकामध्ये अपूर्णविराम घालून, लिहायचे. त्याचा अर्थ : या उपकरणाशी जुन्याच रीतीने बोल. वेग थोडा घटतो, डिस्क मात्र टिकून राहते. आमची तशीच चालू आहे.

यापुढचा टप्पा ‘एलएसबीएलके’ या आज्ञेने बघता येतो. संगणकाला दिसणाऱ्या सर्व डिस्का, त्यांचे आकार, त्यांवरची पार्टिशने आणि ती कोठे माउंट झाली आहेत हे ती दाखवते. उणे एफ जोडले तर फाइल प्रणालीचे नावही सांगते. येथे नावांबाबत सावध असावे. एसडीए, एसडीबी ही नावे ज्या क्रमाने डिस्का सापडतात त्या क्रमाने दिली जातात, आज जे एसडीबी आहे ते उद्या एसडीसी असू शकते, आणि कालच्या आठवणीवर विसंबून एसडीबी पुसणाऱ्यांनी भलतीच डिस्क पुसल्याची उदाहरणे लिनक्स वापरणाऱ्यांच्या कोणत्याही बैठकीत ऐकायला मिळतात. आकार बघून खात्री करावी. पेनड्राइव्ह ‘एलएसयूएसबी’त आहे, ड्रायव्हरही जोडलेला आहे, पण उणे ए जोडून बघितल्यावर आकार शून्य दिसतो आणि रोजनिशी आत माध्यमच नसल्याचे सांगते, असे झाले तर त्यातील नियंत्रक चिप जिवंत आहे आणि तिला मागची स्मृती सापडत नाही, रिकामा कार्ड रीडरही असाच दिसतो. कार्ड रीडर असेल तर त्यात कार्ड घालावे. पेनड्राइव्ह असेल तर मात्र घरगुती उपाय उरत नाही. ‘राइट प्रोटेक्ट इज ऑन’ असे लिहून आले आणि पेनड्राइव्हला तशी कळ नसेल, तर बहुधा तो निवृत्तीला आला आहे : वाचू देईल, लिहू देणार नाही. लगेच प्रत काढून घ्यावी.

आता त्या विद्यार्थिनीची गोष्ट. तिच्या पेनड्राइव्हवर महाविद्यालयाच्या प्रकल्पाचा अहवाल, छायाचित्रे आणि मुलाखतींच्या नोंदी होत्या. घरच्या विंडोज संगणकावरून तिने तो घाईत, ‘इजेक्ट’ न करता उपसला आणि वाचनालयात येऊन आमच्या संगणकाला लावला. चिन्ह उमटले, त्यावर टिचकी मारली, आणि पडद्यावर जो संदेश आला त्याचा आशय असा होता की फाइल प्रणालीचा प्रकार चुकीचा आहे, किंवा पर्याय चुकीचा आहे, किंवा सुपरब्लॉक (फाइल प्रणालीची मुख्य नोंद) खराब आहे, किंवा आणखी काही तरी आहे. संध्याकाळी मदतीला येणाऱ्या एका तरुणाने ‘सुपरब्लॉक खराब’ एवढे वाचले, पेनड्राइव्ह बिघडल्याचा निष्कर्ष काढला आणि मिंट या लिनक्सच्या वितरणात आयते मिळणारे फॉरमॅटचे साधन उघडून त्यावर फॉरमॅट मारला. मला मी त्याला दोष देऊ शकेन असे वाटत नाही; त्याला बाहेर सगळीकडे हेच शिकवले गेले होते, आणि माझ्याकडूनही तोवर त्याला दुसरे काही सांगितले गेले नव्हते.

नंतर मी रोजनिशीची मागची पाने चाळली. पेनड्राइव्ह एनटीएफएस या विंडोजच्या फाइल प्रणालीचा होता, आणि कर्नलने स्पष्ट लिहिले होते की हा खंड ‘डर्टी’ आहे आणि जबरदस्तीची परवानगी दिलेली नाही, म्हणून तो माउंट केला नाही. विंडोज एनटीएफएसवर काम सुरू करताना एक खूण लावते आणि काम नीट संपवून बाहेर पडताना ती काढते. मध्येच उपसल्यास खूण तशीच राहते. विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’ सोयीमुळे संगणक बंद करूनही कधी कधी असेच होते, कारण त्या सोयीत संगणक पुरता बंद होतच नाही. लिनक्समध्ये २०२१ च्या ५.१५ या कर्नलपासून आलेला एनटीएफएसचा ड्रायव्हर अशी खूण दिसली की हात लावायला नकार देतो. म्हणजे लिनक्स त्या मुलीच्या फाइलींची काळजी घेत होते, आणि आम्ही ती काळजी बिघाड समजलो. पेनड्राइव्ह तिच्या घरच्या संगणकाला परत लावून, विंडोजची तपासणी चालवून आणि रीतसर इजेक्ट करून आणला असता तर दहा मिनिटांत काम झाले असते.

सुदैव इतकेच की फॉरमॅट झटपट प्रकारचा होता आणि त्यानंतर पेनड्राइव्हवर कोणी काही लिहिले नाही. झटपट फॉरमॅट मुख्यतः अनुक्रमणिका नवी लिहितो. बरीचशी पाने जागेवर राहतात, फक्त कोणते पान कोठे आहे हे सांगणारे काही उरत नाही. मी ‘डीडीरेस्क्यू’ने पेनड्राइव्हची जशीच्या तशी प्रतिमा वाचनालयाच्या डिस्कवर उतरवली, मूळ पेनड्राइव्ह लिफाफ्यात घालून ठेवला, आणि त्या प्रतिमेवर ‘फोटोरेक’ हे मोफत साधन चालवले. छायाचित्रे बहुतेक मिळाली, अहवालाची एक जुनी आवृत्ती मिळाली, अखेरची मिळाली नाही. फोटोरेक फाइली त्यांच्या आतल्या खुणांवरून ओळखते, त्यामुळे नावे जातात. शेकडो क्रमांकित फाइली उघडून कोणती कशाची हे ठरवण्यात त्या मुलीच्या दोन संध्याकाळ गेल्या.

उलट दिशेनेही हेच घडते. लिनक्सच्या स्वतःच्या ‘ईएक्सटी४’ प्रणालीची डिस्क विंडोजला लावली, की ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असे विंडोज विचारते, आणि पुष्कळजण होकार देऊन मोकळे होतात. त्या प्रश्नाचा खरा अर्थ ‘मला ही लिपी वाचता येत नाही’ एवढाच असतो. मोडीतला दस्त वाचता येत नाही म्हणून कोणी तो पाण्यात धुऊन कागद कोरा करीत नाही.

एक्सफॅट प्रणालीची गोष्ट त्या मानाने साधी. ३२ जीबीपेक्षा मोठ्या एसडी कार्डांची ती ठरलेली प्रणाली आहे. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१९ मध्ये तिचा तपशील खुला केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या ५.४ या कर्नलपासून ती लिनक्सच्या गाभ्यात आहे. त्याआधीचे वितरण चालवणाऱ्यांना ‘अननोन फाइलसिस्टम टाइप’ असा संदेश येतो आणि तिच्यासाठीचे पूरक पॅकेज वेगळे घालावे लागते.

लिनक्सच्या बाजूनेही दोष आहेत, आणि ते सांगायलाच हवेत. वर सांगितलेला तीन ‘किंवा’ असलेला संदेश हा संदेशच नव्हे. खरे कारण कर्नलला ठाऊक असते, रोजनिशीत एका ओळीत लिहिलेले असते, आणि ज्याला ते हवे आहे त्याच्या पडद्यावर मात्र ते येत नाही. मेनू, खिडक्या, बटणे यांचे मराठीकरण स्वयंसेवकांनी कष्टाने केले आहे; पण अडचणीच्या वेळी जे वाचावे लागते ते इंग्रजीतच आहे. दुसऱ्या बाजूला, ‘नवी उपकरणे लिनक्सला कळत नाहीत’ हा आक्षेप जुना आणि चुकीचा आहे. यूएसबी ३.० चा आधार सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६.३१ या कर्नलमध्ये होता. विंडोजमध्ये तो अंगभूत मिळाला तो २०१२ च्या विंडोज ८ पासून.

इजेक्टबाबत थोडे. लिनक्समध्ये फाइलची प्रत करताना पट्टी भरून ‘झाले’ असे दिसते तेव्हा पुष्कळदा फाइल संगणकाच्या स्मृतीत पोचलेली असते आणि पेनड्राइव्हवर अजून उतरतच असते. म्हणून इजेक्ट म्हटल्यावर मोठी फाइल असेल तर मिनिट-दोन मिनिटे काहीच होत नाही असे वाटते. त्या वेळी ते अडकलेले नसते, कामात असते. ‘डिव्हाइस बिझी’ म्हणाले तर एखादी फाइल कोठेतरी उघडी असते, किंवा आपण स्वतःच टर्मिनलमध्ये त्या पेनड्राइव्हच्या फोल्डरात बसलेले असतो. हे दुसरे माझ्याकडून महिन्यातून एकदा तरी होते. आणखी एक : कायम जोडलेल्या डिस्कची नोंद ‘एफएसटॅब’मध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत, करताना तिच्या पर्यायांत ‘नोफेल’ हा शब्द घालावा. आम्ही तो घातला नव्हता. एके सकाळी डिस्क घरी राहिली आणि संगणक तिची दीड मिनिट वाट पाहून आपत्कालीन स्थितीत जाऊन बसला. वाचनालयात त्या दिवशी पुस्तकांची देवघेव कागदावर झाली.

आपल्या दैनिकाला माझी विनंती मर्यादित आहे. वाचकांच्या तंत्रविषयक शंकांना उत्तरे देणारे सदर आपण चालवत असाल किंवा पुढे चालवाल, तेव्हा ‘पेनड्राइव्ह दिसत नाही’ असे लिहिणाऱ्यास उत्तर देण्यापूर्वी त्याच्याकडून तीन गोष्टी मागवाव्यात : उपकरण लावल्यानंतर डीमेसेजमध्ये आलेल्या अखेरच्या वीस ओळी, एलएसयूएसबीची यादी आणि एलएसबीएलकेची यादी. मोबाइलने पडद्याचा फोटो काढून पाठवला तरी चालेल. आमच्या वाचनालयात या तीन आज्ञा मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद प्रत्येक संगणकाशेजारी चिकटवला आहे, आणि मदतीला येणाऱ्या त्या तरुणाने त्याखाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आहे : ‘फॉरमॅट मारण्यापूर्वी ज्याचा पेनड्राइव्ह आहे त्याला विचारावे आणि सरांना बोलवावे.’

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल,
दापोली तालुका, जि. रत्नागिरी